देश आधी की हुन्नर आधी? : कौशल्य विकास मंत्र्यांस अनावृत पत्र

मा. मंत्रिमहोदय,
कौशल्य, रोजगार, उद्योजकता व नाविन्यता विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई यांस



परदेशात नोकरी शोधू पाहणाऱ्या महाराष्ट्रातील तरुणाने आपली उमेद, आपला वेळ आणि घरातली शिल्लक कोणत्या देशाकडे वळवावी, हा प्रश्न आजवर आपण त्याचा खासगी प्रश्न मानीत आलो; त्याचे उत्तर कधी मामा-काकांनी दिले, कधी गावातून दुबईस गेलेल्या एखाद्या शेजाऱ्याने, आणि या दोघांचाही आधार नसला तर एजंटाने. परंतु फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरविण्याचा करार केला, प्रायोगिक स्वरूपात दहा हजार तरुण पाठविण्याची तजवीज जाहीर केली आणि जर्मन भाषेच्या शिक्षणाचा भार स्वतःच्या शिरावर घेतला, तेव्हापासून हा प्रश्न सार्वजनिक कारभाराच्या कक्षेत आला आहे. ज्या शासनाने तरुणास एका देशाचे नाव सांगितले, त्याने त्या देशाच्या वाटेवरील चढ-उतारही सांगावयास हवेत, आणि ती वाट ज्याच्यासाठी नाही त्यास दुसरी वाट कोणती, हेही सांगावयास हवे. हे पत्र त्या अपेक्षेने लिहीत आहे.

मी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून शिल्प निदेशक म्हणून निवृत्त झालेला शिक्षक आहे. परदेशी जावे की न जावे, याविषयी उपदेश करण्याचा माझा हेतू नाही. मुंबईच्या बंदरातून मॉरिशसला गेलेल्या रत्नागिरीकरांपासून आज आखाती देशांत आणि परदेशी जहाजांवर राबणाऱ्या कोकणी माणसापर्यंत देशांतराचा आपला इतिहास मोठा आहे. माझे म्हणणे एवढेच, की आज आपला तरुण आधी देश ठरवितो आणि मग आपले शिक्षण त्या देशात कोठे बसते याचा शोध घेत बसतो; हा क्रम उलटा व्हावयास हवा. आपला हुन्नर कोणत्या देशाच्या कायद्यात बसतो, तेथवर पोचण्यास किती काळ लागेल आणि पोचल्यावर पुढे काय वाढून ठेवले आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावरच देशाचे नाव घ्यावे. आणि एकदा ते घेतले की मग पाच देशांना अर्ज पाठवीत न राहता त्या एकाच देशासाठी दीड-दोन वर्षे निष्ठेने द्यावीत.

हे अमूर्त वाटू नये म्हणून एकाच संस्थेतील, एकाच छपराखालच्या दोन कार्यशाळांकडे आपले लक्ष वेधतो. एकीत फिटरचा विद्यार्थी व्हाइसमध्ये धरलेला लोखंडी ठोकळा कानशीने घासून, पुन्हा पुन्हा गुण्या लावून, प्रकाशाची रेघही निसटणार नाही असा काटकोनात आणीत असतो. शेजारच्या कार्यशाळेत वेल्डरचा विद्यार्थी डोळ्यांपुढे काळी काच धरून दोन पत्र्यांमधील सांधा एका संथ लयीत भरीत असतो. हाताची सफाई दोघांची सारखीच, कष्टही सारखेच, आणि बाजारात मागणीही दोघांना. परंतु फिटरचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे आणि वेल्डरचा एक वर्षाचा. आणि नेमक्या या फरकापाशी जर्मनीचा कायदा दोघांच्या वाटा वेगळ्या करतो. जर्मनीने १ मार्च २०२४ पासून अनुभवी कामगारांसाठी जी नवी तरतूद अमलात आणली, तिच्यान्वये मूळ देशात राज्यमान्य असलेले किमान दोन वर्षांचे प्रशिक्षण, गेल्या पाच वर्षांतील किमान दोन वर्षांचा संबंधित अनुभव आणि विहित मर्यादेइतके वेतन देऊ करणारा मालक, एवढ्या गोष्टी जमल्या तर अनियंत्रित व्यवसायांत तेथील मान्यतेचा दाखला आधी न मिळविताही काम करता येते. १ जून २०२४ पासून सुरू झालेल्या ‘शान्सेनकार्टे’ नामक परवान्यासही, जो नोकरी नव्हे तर तेथे जाऊन एक वर्षापर्यंत नोकरी शोधण्याची मुभा देतो, दोन वर्षांच्या प्रशिक्षणाची हीच अट आहे. फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन यांना ही दारे उघडी आहेत. वेल्डर आणि प्लंबर यांच्या एक वर्षाच्या प्रमाणपत्रावर ती उघडत नाहीत.

हे सत्य त्या वेल्डरच्या विद्यार्थ्यास प्रवेशाच्या दिवशी कोणी सांगते काय? प्रवेशाच्या खिडकीपाशी तो उभा असतो तेव्हा एक वर्षाचा अभ्यासक्रम त्याला लवकर कमाईस लावणारा वाटतो, आणि घरच्या परिस्थितीने ते खरेही असते. परंतु त्याच्या मनात जर्मनी असेल तर निर्णय त्याच खिडकीपाशी होऊन गेलेला असतो. पुढे तो जर्मन भाषेच्या वर्गास नाव घालील, वर्ष-सव्वा वर्ष खर्च करील आणि मग कागदपत्रांच्या छाननीत अडखळेल. त्याच मुलास जपानविषयी कोणी सांगितले असते, तर चित्र वेगळे झाले असते. जपानने एप्रिल २०१९ मध्ये ‘तोकुतेई गिनो’ म्हणजे विशिष्ट कौशल्यधारक कामगारांची पद्धत सुरू केली आणि जानेवारी २०२१ मध्ये भारताशी त्याविषयी करार केला. तेथे प्रशिक्षण किती वर्षांचे, असे कोणी विचारीत नाही. जपानी भाषेची एन-४ किंवा तिच्या तोडीची परीक्षा आणि त्या त्या क्षेत्राची कौशल्य परीक्षा, या दोन उत्तीर्ण व्हाव्या लागतात, आणि जहाजबांधणीसारख्या क्षेत्रांत वेल्डिंगचा समावेश आहे. अर्थात हवी ती कौशल्य परीक्षा भारतात होते की नाही, आणि होत असल्यास कोठे व केव्हा, हे भाषेचा पहिला धडा गिरविण्यापूर्वीच पाहून घेतले पाहिजे.

परिचारिकांची गोष्टही अशीच आहे, किंबहुना अधिक गंभीर आहे. कारण परिचर्या हा जर्मनीत नियंत्रित व्यवसाय असल्यामुळे मान्यतेवाचून परिचारिका म्हणून काम करताच येत नाही, आणि ती मान्यता देण्याचा अधिकार केंद्र सरकारकडे नसून घटकराज्यांकडे आहे. बाडेन-वुर्टेम्बर्गमध्ये जाणाऱ्या परिचारिकेची कागदपत्रे श्टुटगार्ट येथील शासकीय कार्यालय तपासते. बायर्नमध्ये जाणारीची दुसरे. तिचा जीएनएम अथवा बी. एस्सी. नर्सिंगचा अभ्यासक्रम तेथील अभ्यासक्रमाशी ताडून पाहिला जातो, उणिवांची यादी लेखी कळविली जाते, आणि त्या उणिवा भरून काढण्यासाठी तिला एकतर ज्ञानपरीक्षा द्यावी लागते किंवा रुग्णालयात राहून पूरक प्रशिक्षण पुरे करावे लागते. तोवर तिचे पद आणि वेतन साहाय्यकाचे असते. पूर्ण मान्यतेसाठी भाषेची पातळी सर्वसाधारणतः बी-२. या साऱ्या गोष्टी कठीण असल्या तरी अन्यायाच्या नाहीत. त्या आधी कळल्या तर साताऱ्याची किंवा लातूरची मुलगी त्यांची तयारी करू शकते. परंतु दोन वर्षांचा एएनएम अभ्यासक्रम केलेल्या तिच्या बहिणीस हा मार्ग मोकळा नाही. तिला जर्मनीत जावयाचे तर बहुधा तीन वर्षांचे तेथील शिक्षण नव्याने करावे लागेल. तिच्यासाठी जपानचे वृद्धसेवेचे क्षेत्र अधिक जवळचे आहे, कारण तेथे परिचर्येची पदवी मागत नाहीत. आणि तीन वर्षांच्या कामानंतर ‘काइगो फुकुशिशी’ ही राष्ट्रीय परीक्षा उत्तीर्ण झाल्यास दीर्घकाळ राहण्याचा मार्ग मोकळा होतो. एका घरातील दोन बहिणी, आणि दोघींचे देश वेगळे. हे ठरविले त्यांच्या हातातील दाखल्यांनी.

दुसरा प्रश्न काळाचा. जर्मनची बी-२ पातळी गाठण्यास पंचेचाळीस मिनिटांच्या साधारण ६०० ते ८०० तासिका लागतात असे भाषाशिक्षणात मानले जाते. रोज दोन घड्याळी तास आणि महिन्यास पंचवीस दिवस असा नेम कोणी अखंड पाळला, तरी नऊ महिने ते एक वर्ष निव्वळ वर्गात जाते. त्यात स्वाध्याय, परीक्षेची प्रतीक्षा आणि एखाद्या विभागात अनुत्तीर्ण झाल्यास पुनर्परीक्षा धरली, म्हणजे दीड वर्ष होते. जो तरुण सकाळी जर्मनचा वर्ग, संध्याकाळी जपानीची ध्वनिफीत आणि रात्री कॅनडाच्या गुणपद्धतीचा हिशेब अशी त्रिस्थळी यात्रा करतो, त्याचे दीड वर्ष तीन ठिकाणी सांडते आणि एकाही ठिकाणी दाखला हाती लागत नाही. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटच्या इमारतीत आणि इतरत्र परकीय भाषांच्या अध्यापनाची मोठी परंपरा आहे. परंतु नंदुरबार, गडचिरोली, हिंगोली येथील मुलास पुण्यात दीड वर्ष राहण्याचा खर्च झेपत नाही, आणि ज्याला तो झेपतो त्याला शासनाच्या मदतीची गरजही तितकी नसते.

याच काळाच्या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. भाषा शिकण्यास लागतो त्याहून कमी काळात देशांची धोरणे पालटतात, हे गेल्या काही वर्षांनी दाखवून दिले आहे. ब्रिटनने फेब्रुवारी २०२२ मध्ये परदेशी काळजीवाहकांसाठी दार उघडले; मार्च २०२४ मध्ये त्यांना कुटुंब आणण्यास मनाई केली; आणि जुलै २०२५ मध्ये परदेशातून नवी भरतीच बंद केली. अमेरिकेचा एच-वन-बी परवाना मूळचाच सोडतीवर अवलंबून, वर्षाला ८५,००० ची मर्यादा असलेला; त्यावर सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या अर्जांसाठी एक लाख डॉलरांचे शुल्क जाहीर झाले. कॅनडाने २०२४ च्या प्रारंभी परदेशी विद्यार्थ्यांच्या संख्येस मर्यादा घातली आणि शिक्षणाच्या वाटेने नोकरीस जाऊ पाहणाऱ्या असंख्य घरांचे हिशेब विस्कटले. यावरून परदेशाचा नाद सोडावा असे मी म्हणत नाही. ज्या देशाची गरज एखाद्या मंत्रिमंडळाच्या मर्जीपेक्षा तेथील लोकसंख्येच्या रचनेवर उभी आहे, त्या देशास अग्रक्रम द्यावा, एवढाच त्याचा अर्थ. जपानमध्ये पासष्टीपुढील माणसांचे प्रमाण सुमारे २९ टक्क्यांवर पोचले आहे. जर्मनीत युद्धोत्तर काळात जन्मलेली मोठी पिढी आता निवृत्त होत आहे. आणि तयारीही अशी करावी, की दार बंद झाले तरी ती वाया जाऊ नये. जर्मन येणाऱ्या मशिनिस्टास चाकण आणि नाशिकच्या जर्मन कारखान्यांतही मोल आहे, आणि जपानी येणाऱ्यास पुण्यात काम आहे.

तिसरा प्रश्न पोचल्यानंतरचा. आखाती देशांविषयी आपल्याकडे एकतर अतिरेकी आकर्षण असते किंवा सरसकट तुच्छता, दोन्ही चुकीची. तेथे नवी भाषा शिकण्यात वर्ष घालवावे लागत नाही, वेतनावर आयकर नाही, प्रवास जवळचा आहे, आणि ज्याला ठराविक मुदतीत बहिणीचे लग्न, घराचे छप्पर किंवा शेतावरचे कर्ज एवढे एखादे निश्चित काम उरकावयाचे आहे, त्याच्यासाठी तो निर्णय शहाणपणाचा असू शकतो. परंतु तेथे स्थायिक होण्याचा मार्ग कामगारास जवळपास नाही, आणि राहण्याची व्यवस्था मालकाच्या हाती असते. १२ जून २०२४ रोजी कुवेतच्या मंगाफ येथे कामगारांच्या निवासी इमारतीस आग लागून चाळीसहून अधिक भारतीय मृत्युमुखी पडले, तेव्हापासून तरी पगाराच्या आकड्याआधी निवासाचा पत्ता आणि एका खोलीत किती माणसे, हे विचारण्याची सवय आपल्यास लागावयास हवी. जर्मनीत पगारातून कर व विमा यांपोटी साधारण एक-तृतीयांश रक्कम वजा होते, हे ऐकून तरुण दचकतो. परंतु त्यातच त्याचा औषधोपचार, बेकारीची तरतूद आणि निवृत्तिवेतन असते, आणि मान्यताप्राप्त कुशल कामगारास भाषेच्या व इतर अटी पुऱ्या केल्यावर तीन वर्षांनी कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो. जपानच्या पहिल्या श्रेणीच्या परवान्यावर एकूण पाच वर्षे राहता येते आणि कुटुंब नेता येत नाही; दुसऱ्या श्रेणीत नेता येते. चोवीस वर्षांच्या अविवाहित तरुणास आणि दोन लेकरांच्या बापास या अटींचा अर्थ अगदी वेगळा आहे, आणि म्हणूनच दोघांना एकाच मेळाव्यात एकच भाषण ऐकवून चालत नाही.

आता एजंटांविषयी. १९८३ च्या उत्प्रवास अधिनियमाखाली परदेशी भरती करणाऱ्याने नोंदणी करणे बंधनकारक आहे, आणि कामगाराकडून सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये व त्यावरील कर याहून अधिक घेण्यास त्याला मनाई आहे. दहावी उत्तीर्ण नसलेल्या कामगारास अठरा देशांत कामासाठी जाण्यापूर्वी उत्प्रवासी संरक्षकाची मंजुरी घ्यावी लागते. एजंटाची नोंदणी खरी की खोटी, हे ई-मायग्रेट या शासकीय संकेतस्थळावर कोणासही पाहता येते. हे सारे कायद्यात आहे; गावात मात्र पोचलेले नाही. म्हणूनच संगणकावरील नोंदींच्या कामाचे आमिष दाखवून थायलंडमार्गे म्यानमार, लाओस आणि कंबोडियातील सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर सुशिक्षित मुले नेली गेली, आणि मदतनिसाची नोकरी म्हणून रशियास नेलेले तरुण थेट युद्धभूमीवर पोचले. पर्यटनाच्या व्हिसावर नोकरीस चला, असे जो सांगतो, तो देशाचे नाव कितीही गोड घेवो, त्याच्याशी बोलणे तेथेच थांबवावे, एवढी एक गोष्ट प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहिली तरी कित्येक घरे वाचतील.

या कामात केरळचा अनुभव आपल्यासमोर आहे. तेथे परदेशी रोजगारासाठी ‘ओडेपेक’ ही सरकारी संस्था १९७७ पासून कार्यरत आहे, अनिवासी केरळीयांसाठी स्वतंत्र खाते १९९६ पासून आहे, आणि डिसेंबर २०२१ मध्ये त्या राज्याच्या ‘नोर्का’ या संस्थेने जर्मनीच्या संघीय रोजगार संस्थेशी परिचारिकांच्या भरतीसाठी करार केला, ज्याखाली परिचारिकेस भरतीसाठी पैसे मोजावे लागत नाहीत. केरळच्या मुलीच्या अंगी आपल्या मुलींहून वेगळे सामर्थ्य नाही. तिच्या मागे अनेक दशके टिकून राहिलेली, सरकारे बदलली तरी न बदललेली संस्था आहे. मुंबई आणि श्टुटगार्ट ही भगिनी-शहरे १९६८ पासून आहेत. एवढ्या जुन्या संबंधांवर आपल्यालाही टिकाऊ इमारत उभारता येईल.

यास्तव माझ्या मागण्या मोजक्या आणि स्पष्ट आहेत. पहिली, देशवार जाहिरातींऐवजी व्यवसायवार तक्ता तयार करावा. फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन, जीएनएम, एएनएम, स्वयंपाकी अशा प्रत्येक हुन्नरासमोर कोणता देश, तेथे आपला दाखला चालतो की नाही, भाषेची पातळी कोणती, एकूण काळ व खर्च किती, खर्च कोणी करावयाचा, कुटुंब नेता येते की नाही आणि पुढे कायम राहता येते की नाही, हे मराठीत लिहून राज्यातील चारशेहून अधिक शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत प्रवेशाच्या खिडकीपाशी लावावे आणि दर सहा महिन्यांनी सुधारावे. दुसरी, बाडेन-वुर्टेम्बर्ग योजनेचा हिशेब वेळोवेळी प्रसिद्ध व्हावा. किती जणांनी नाव नोंदविले, किती जणांनी कोणती पातळी गाठली, किती जणांस नोकरीचा करार मिळाला आणि किती जण प्रत्यक्ष रुजू झाले, हे आकडे, मग ते लहान असोत वा मोठे, मागाहून येणाऱ्या तरुणाचे मार्गदर्शक ठरतील. तिसरी, एक वर्षाच्या व्यवसायांतील मुलांसाठी पुढील शिकाऊ उमेदवारीचा काळ प्रशिक्षणात धरला जावा, अशी वाटाघाट बाडेन-वुर्टेम्बर्गशी करावी. आणि ती सफल होईपर्यंत त्या मुलांना खरी परिस्थिती सांगावी. चौथी, भाषेचे वर्ग जिल्ह्याच्या ठिकाणी, निवासाच्या सोयीसह भरावेत. पाचवी, जिल्ह्याच्या रोजगार मार्गदर्शन केंद्रात एजंटाची नोंदणी तपासून देणारा आणि परदेशी करारनामा मराठीत समजावून सांगणारा एक जबाबदार कर्मचारी असावा.

आणि हे पत्र वाचणाऱ्या तरुणांसही जाता जाता सांगावेसे वाटते. कोणत्या देशाचे नाव सध्या सर्वांच्या तोंडी आहे, हे पाहू नका. आपल्या हातातील दाखला समोर ठेवा, आपल्या घराची गरज किती वर्षांची आहे ते ठरवा, घरच्यांशी बसून बोला, मग एक देश निवडा आणि त्या देशाची भाषा मन लावून शिका. कोणास पैसे देण्यापूर्वी त्याची नोंदणी पाहा, आणि कराराची प्रत घरी ठेवल्यावाचून विमानात पाऊल ठेवू नका.

मंत्रिमहोदय, दहा हजार हा आकडा मोठा आहे, परंतु त्याची कसोटी विमानतळावरील निरोपसमारंभांत होणार नाही. पाच वर्षांनंतर त्यांतील किती जण आपल्या हुन्नराचेच काम करीत आहेत आणि किती जणांच्या घरावर त्या प्रवासाचे कर्ज उरलेले नाही, यावर ती होईल. येत्या प्रवेशसत्रापूर्वी निदान तो व्यवसायवार तक्ता तरी प्रत्येक संस्थेच्या भिंतीवर लागावा, ही आपणांस आग्रहाची विनंती आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त शिल्प निदेशक